आमच्या वन्संचं नाक

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, साबणाच्या कारखान्यात वास घ्यायच्या नोकरीला होत्या. हे ऐकून लोक हसतात. लग्न ठरलं तेव्हा मीही हसले होते. म्हटलं, वास काय कुणीही घेईल, त्याला पगार कसला? मग लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात वन्संनी मला डोळे मिटायला लावले, दोन मुठी पुढे केल्या आणि विचारलं, "कुठल्या मुठीत पुदिना आहे, सांग." मी चुकले. परत विचारलं, परत चुकले. मुठी उघडल्या तर एकीत पुदिना, दुसरीत कपडे वाळत घालायचा चिमटा. "तुझं नाक म्हणजे नुसती चष्मा ठेवायची जागा आहे," वन्सं म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या नोकरीला हसले नाही.

कारखान्यात त्यांचा दरारा होता. साबणाची प्रत्येक बॅच आधी त्यांच्या टेबलावर यायची. त्या एक तुकडा कापायच्या, हुंगायच्या आणि "जाऊ दे" किंवा "परत घाला" एवढंच म्हणायच्या. "परत घाला" म्हटलं की मॅनेजरसुद्धा वाद घालत नसे. या नाकासाठी त्यांनी जन्मभर पथ्य पाळलं. डब्यात कांदा-लसूण नाही, केसांना वासाचं तेल नाही, अंगाला अत्तर तर सोडाच. दिवसभर सुगंधी साबणाच्या ढिगात बसायचं आणि घरी येऊन बिनवासाच्या पांढऱ्या वडीने अंघोळ करायची, असा सगळा प्रकार. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेल्या एकाचाही वास मला आवडला नाही."

निवृत्त झाल्यावर अशी बाई स्वस्थ बसणार थोडीच! फुटक्या बादलीत त्यांनी पुदिना लावला. नाकाला रोज काहीतरी काम हवं, म्हणून. मग शेजारी टोमॅटो आला, मिरची आली, पालक आला, काठीला धरून भोपळा वर चढला. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची. बघता बघता रंगाचे रिकामे डबे, जुनी पिंपं, फळांचे क्रेट, एक तडा गेलेलं बेसिन, जे हाताला लागेल त्यात वन्संनी माती भरली. बिल्डिंगमधले लोक संध्याकाळी वर हवा खायला यायचे आणि जाताना मूठभर पालक आणि पोटभर बोलणी घेऊन खाली उतरायचे.

कारण वन्सं सल्ला फुकट द्यायच्या, पण गोड द्यायच्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या फोटोग्राफरने महागड्या रंगीत कुंड्या आणल्या आणि झाडं मरतात म्हणून रडत वर आला. वन्संनी त्याला विचारलं, "तुझ्या बाल्कनीत ऊन किती वेळ असतं?" त्याला सांगता येईना. "आधी ऊन कुठे पडतं ते दिवसभर बघायचं, मग कुंडी विकत घ्यायची. तू आधी पलंग आणलास आणि आता घराला खोली आहे का शोधतोयस." मग कुंडी उचलून बुडाला बोट लावलं. "भोक कुठाय? पाणी जायचं कुठून? अति तिथे माती असं म्हणतात, पण कुंडीत अति तिथे चिखल असतो." पाणी कधी घालायचं हे त्यांनी त्याला बोटाने शिकवलं. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं. आत ओल लागली तर झारीला हात लावायचा नाही, मग वरची माती कितीही कोरडी दिसो. मातीवर सुक्या पानांचं पांघरूण घालायचं, म्हणजे ऊन माती भाजत नाही. आणि पहिल्या वर्षी तीन झाडांपेक्षा जास्त लावायची नाहीत. "तीन जगव, मग चौथ्याचं नाव काढ," असं बजावून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

पानांमागे माव्याची चिकट कीड पडली की वन्सं खूश व्हायच्या. त्यांची ती बिनवासाची वडी किसून पाण्यात विरघळवायची, ऊन उतरल्यावर पानाच्या खालच्या अंगाला फवारायची आणि सकाळी साध्या पाण्याने पानं धुवायची. "जन्मभर साबणाने माणसं स्वच्छ केली, आता मावा करते," असं म्हणत त्या फवारणीचा पंप मारायच्या. भोपळ्याला फळ धरेना तर नर फूल खुडून मादी फुलाला हलकेच घासायच्या. आमचे हे म्हणायचे, "ताईने स्वतःचं लग्न केलं नाही, पण भोपळ्यांची रोज लावते."

पण त्यांचा खरा जीव होता खतात. गच्चीच्या कोपऱ्यात दोन मोठी पिंपं, हवेसाठी बाजूंना भोकं पाडलेली. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातली सालं-देठं पिंपात टाकायची, वर सुकी पानं, परत सालं, परत पानं. पुस्तकं सांगतात ओलं एवढं, सुकं एवढं. वन्सं ते मानत नसत. झाकण उघडायचं, मूठभर उचलायचं, नाकाशी न्यायचं. आंबट वास आला तर सुकी पानं वाढवायची. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र आला तरी पानंच वाढवायची आणि ढवळायचं. काहीच वास नसला तर सगळं ठीक. आणि जंगलातल्या ओलसर जमिनीसारखा आला की खत तयार. "नाक असल्यावर तराजू कशाला?" असं त्यांचं म्हणणं होतं. आणि खत खरंच सोन्यासारखं व्हायचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या थंडीत वन्संना ताप आला. चांगला लांबला. उठल्या तेव्हा वाळल्या होत्या, पण तोरा तोच. पडले तरी नाक वर! आठवड्याभरात पिंपांपाशी हजर झाल्या. मी नोकरीवर, हे दुकानात, त्यामुळे वर काय चाललंय ते आम्हाला कळायचं नाही. दोनचार गोष्टी मात्र मला खटकल्या. एकदा दूध करपून भांडं काळं झालं आणि वन्सं शेजारीच बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "विचारात होते." एकदा मी रॉकेलचा बोळा फिरवून पंख्याचा गंज काढला. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी त्याच पंख्याखाली निवांत झोपल्या. मला वाटलं, वय झालं, स्वभाव निवळला. सासरच्या माणसाचा स्वभाव निवळला तर सून चौकशी करत बसत नाही.

मग ऑडिटरसाहेबांनी बेल वाजवली.

ऑडिटरसाहेब समोरच्या दारात राहतात, एकटेच. निवृत्त झाले पण तपासणी सुटली नाही. जिन्यातला दिवा किती वाजता लागला, कुणाचा कचरा कुणाच्या डब्यात गेला, सगळं त्यांना ठाऊक. आणि त्यांचंही नाक तिखट. तळमजल्यावर कुणी भाजी लागू दिली तर हे वरून ओरडून सांगायचे. एका बिल्डिंगमध्ये अशी दोन नाकं, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी.

"तुमच्या पिंपांची घाण येते," ते दारातूनच म्हणाले. "पाणी गळतं, ते गच्चीच्या पाइपातून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून जातं. मला जेवण जात नाही."

वन्सं आतूनच म्हणाल्या, "माझ्या खताला घाण येत नाही. तुमच्या नाकाचं ऑडिट करून घ्या एकदा."

हे रोजचं होऊन बसलं. ते रोज बेल वाजवायचे, या रोज त्यांना वाटेला लावायच्या. शेवटी त्यांनी सेक्रेटरीला गाठलं. सेक्रेटरी भला माणूस, त्याला फक्त शांतता हवी असते. तो म्हणाला, महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे वर जाऊ, स्वतः बघू आणि हात वर करून ठरवू. खताची कुणी खात्रीने हमी घेत असेल तर बाग राहील, नाहीतर पिंपांसकट सगळं खाली. वन्सं म्हणाल्या, "या की! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

सेक्रेटरी गेला, पण मला राहवलं नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्यामागून वर गेले. वन्संनी मोठ्या दिमाखात पहिल्या पिंपाचं झाकण उचललं आणि मी दोन पावलं मागे सरकले. माझं नाक म्हणजे चष्मा ठेवायची जागा, पण त्यालाही ती घाण सहन होईना. आत काळा, चकचकीत चिखल झाला होता. सुकं पान औषधालाही नव्हतं. वन्संनी त्यात हात घातला, मूठभर उचललं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "बघ. आहे काही वास?"

करपलेलं दूध, पंखा, सगळं एकदम जागेवर बसलं. मी वळले, बादलीतल्या पुदिन्याचं पान खुडलं, दोरीवरचा एक चिमटा काढला आणि दोन मुठी त्यांच्यापुढे धरल्या.

"वन्सं, कुठल्या मुठीत?"

"हे काय खूळ?"

"सांगा ना."

त्यांनी माझ्या मुठींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नाक पुढे केलं नाही. तशाच चिखलाच्या हातांनी उपड्या क्रेटवर बसल्या. मग म्हणाल्या, "तापात गेलं. वाटलं, येईल परत. सर्दीत जातं, तसं."

"अहो पण सांगायचं नाही का?"

"काय सांगू? माझ्याकडे तेवढंच तर होतं." आणि त्यांचे डोळे भरले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, कीव आली आणि जीव तुटला, सगळं एकाच वेळी. मी त्यांच्या चिखलाने भरलेल्या हातांसकट त्यांना जवळ घेतलं. अंगावरच्या कपड्यांची वाट लागली ती लागलीच.

चूक कुठे झाली ते मग माझ्या ध्यानात आलं. काहीच वास नाही म्हणजे सगळं ठीक, हा त्यांचा जुना नियम. नाक गेल्यावर रोजच काही वास येईना, म्हणून रोजच सगळं ठीक. सुकी पानं घालायचा इशारा मिळालाच नाही, आणि शेजारपाजारची सालं मात्र येत राहिली. नाचता येईना अंगण वाकडं, तशी त्यांनी ऑडिटरसाहेबांच्या नाकाला नावं ठेवली.

मी म्हटलं, "आता काय करायचं?"

वन्संनी पदराने डोळे पुसले आणि उठल्या. "काय करायचं म्हणजे? नाक गेलंय, हात नाही गेले."

त्या दिवशी आम्ही दोन्ही पिंपं गच्चीवर पालथी घातली. सगळा लगदा पसरला, उन्हाला-वाऱ्याला लावला. हे सार्वजनिक बागेजवळच्या रस्त्यावरून सुक्या पानांची पोती घेऊन आले, त्यांना बारा महिने सर्दी, त्यामुळे त्यांना घाणीचा त्रास नव्हता. पानं हाताने चुरली, पुठ्ठ्याचे खोके फाडून तुकडे केले, लगद्यात मिसळले. पिंपांच्या तळाला जाड काड्यांचा थर दिला, म्हणजे खालून हवा खेळते आणि पाणी साठत नाही. मग परत भरलं. पुढे वन्सं दर दोनतीन दिवसांनी ते वरखाली करत राहिल्या आणि नाकाऐवजी हाताला शिकवत राहिल्या. मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर सुकं वाढवायचं, हाताला ओलसुद्धा लागली नाही तर पाणी शिंपडायचं. मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि काढून तळव्यात धरायची. गरम लागली तर आत काम चालू आहे. गार आणि चिकट लागली तर ढवळायचं. त्या मला हे असं सांगायच्या, जणू हा शोध त्यांना पहिल्यापासून माहीत होता आणि मुद्दामच लपवून ठेवला होता.

रविवार उजाडला. सगळे वर जमले. फोटोग्राफर होता, सेक्रेटरी होता, खालच्या मजल्यावरच्या बायका होत्या. ऑडिटरसाहेब पुढे झाले. वन्संनी झाकण उचललं. साहेब वाकले, चष्मा काढून हातात धरला, लांब श्वास घेतला. दुसऱ्या पिंपाशी गेले, तिथेही वाकले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"घाण नाही," ते म्हणाले. माणूस खडूस, पण खोटं बोलणारा नाही. मी मनात सुटकेचा श्वास टाकला. "पण महिनाभर येत होती. एवढं तरी कबूल करा."

सेक्रेटरी घाईने म्हणाला, "जाऊ द्या हो, आता नाही ना? ताई, तुम्ही हमी घेता ना, की झालं."

वन्संनी नुसती मान हलवायची होती. बाग वाचली होती. मी मागून त्यांचा पदर ओढला, की गप्प राहा आता. खरं सांगितलं तर लोक म्हणणार, वास न येणारी बाई खताची हमी कशी घेणार? पिंपं गेली असती, आणि पिंपांमागून सगळी बाग गेली असती.

वन्संनी माझा हात झटकला.

"येत असणार," त्या म्हणाल्या. "मला कळलं नाही. मला वास येत नाही. तापापासून काहीच येत नाही. तुमचं नाक बरोबर होतं, साहेब, आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

कारखान्यातली नोकरी सगळ्यांना माहीत होती. सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं, मी पालकाकडे.

"मग हमी..." सेक्रेटरी चाचरत म्हणाला.

"हमी मी घेते. ऐका." वन्संचा आवाज आता कारखान्यातला होता. "हाताला मला सगळं कळतं, पण उशिरा कळतं. नाकाला आधी कळतं. आमच्या घरात एक नाक चष्मा ठेवायला आहे आणि एक सर्दी ठेवायला. तेव्हा साहेब, उद्यापासून तुम्ही वर यायचं. रोज. झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि मला सांगायचं. ढवळायचं काम माझं."

ऑडिटरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी? मी काय तुमचा नोकर आहे?"

"नोकर कशाला? तपासनीस आहात. तुम्ही 'परत घाला' म्हणालात की मी परत घालणार, वाद घालणार नाही."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. पिंपाकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही तपासायला बोलावलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"किती वाजता यायचं?" त्यांनी विचारलं आणि हात वर केला. मग सगळ्यांचेच हात वर गेले.

ते रोज येऊ लागले. आधी आठवडाभर भांडणंच. ते म्हणायचे, "घाण येते." वन्सं म्हणायच्या, "घाण म्हणजे काय? आंबट, उग्र की कुजकट? 'हिशेब चुकलाय' एवढंच लिहून तुम्ही सही करायचात का?" ते चिडायचे, परत वाकायचे, आणि मग हळूच म्हणायचे, "आंबट. थोडासाच." की वन्सं ओंजळभर पानं टाकायच्या. हळूहळू साहेब वासांचे शब्द शिकले. इतके शिकले, की आता जिन्यात भेटले तरी आमच्या भाजीचं वर्णन करतात.

परवा सकाळी मी कपडे वाळत घालायला वर गेले, तर दोघं टोमॅटोच्या क्रेटपाशी उभे होते. वन्संनी टोमॅटोचं पान चोळून त्यांच्या नाकाशी धरलं होतं. "सांगा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचे डोळे मिटले.

साहेब म्हणाले, "हिरवा आहे."

"हिरवा रंग असतो. वास सांगा."

"थांबा हो. कडवट. पण वाईट नाही. बोटांना चिकटून राहणारा. जुन्या नळाला हात लावला की हाताला येतो ना, तसा जरासा. आणि शेवटी थोडा... थोडा गोड. अगदी पुसट. पान जिथे तुटलं तिथे."

मिटल्या डोळ्यांनी वन्संनी लांब श्वास घेतला, कारखान्यातल्या टेबलाशी घेत असतील तसा. माझ्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"आला," त्या म्हणाल्या.

आला नव्हता. नंतर दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी, आता वास परत येणार नाही, असं स्पष्ट सांगितलंय, आणि साहेबांनाही ते माहीत आहे. जन्मभर एकही आकडा न तपासता पुढे जाऊ न देणारा माणूस तो. मला वाटलं, आता चूक काढणार. त्यांनी त्या चुरगळलेल्या पानाकडे पाहिलं, मग वन्संच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

"आला ना? मग जाऊ दे," ते म्हणाले, आणि पिंपाचं झाकण उघडायला गेले.